लालसाब मिस्त्रींची कडबाकुट्टी

लालसाब मिस्त्री भित्रे होते. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणायचो आणि छावणीतले बाकीचे खिदळायचे. बाहत्तर साली होटगीजवळच्या गुरांच्या छावणीत कडबाकुट्टीचं यंत्र त्यांच्या ताब्यात होतं आणि ते फिरवणारं डिझेल इंजिन माझ्या. पाऊस सलग दडी मारून बसलेला. पाच-सहाशे जनावरं दावणीला, आणि कडबा असा दुर्मिळ की अख्खी पेंढी पुढ्यात टाकावी तर निम्मी पायाखाली जायची. म्हणून सगळा कडबा बारीक कापूनच घालायचा.

यंत्र म्हणजे एक मोठं चाक आणि त्याच्यावर समोरासमोर बसवलेली दोन पाती. बाया यंत्राच्या तोंडात कडबा सारायच्या, चाक फिरायचं, पाती कापत जायची. माझ्या इंजिनापासून त्या चाकापर्यंत लांब कॅनव्हासचा पट्टा. बस्स. पण त्या यंत्राचे जे लाड व्हायचे ते कुणाच्या जावयाचे झाले नसतील. रोज संध्याकाळी मिस्त्री दोन्ही पाती उतरवायचे, दगडावर धार लावायचे आणि मग वाण्याच्या तागडीत एका पारड्यात एक, दुसऱ्यात दुसरं ठेवून बघायचे. काटा जरा हलला की जड पातं पुन्हा दगडावर.

"धार काय, कुनीबी लावंल," ते म्हणायचे. "पन एक जड, एक हलकं झालं की चाक नाचतं बग. नाचनारं चाक लई वाईट."

पट्ट्याचंही तेच. धूळ पुसायची, घसरू नये म्हणून राळ लावायची, जोडावरची चामड्याची वादी उसवली तर नवी ओवायची, शेवटी अंगठ्यानं दाबून ताण बघायचा. आणि पात्यांना हात लावण्याआधी हा पट्टा उतरवून स्वतःच्या खांद्यावर टाकायचा. इंजिन बंद असो, मी जेवायला गेलेला असो, नेम चुकायचा नाही. पट्टा त्यांच्या खांद्यावर असला की चाक फिरवणार कोण? मला त्याचा राग यायचा. पट्टा पुन्हा चढवण्यात सकाळचा अर्धा तास जायचा आणि बोलणी मला बसायची.

एकदा चिडून मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. सोलापूरच्या एका गिरणीत ते आणि त्यांचा भाऊ हुसेनसाब एकाच खात्यात होते. भावाचे दोन्ही हात पट्ट्यात गेले. "आमची मा त्याला भरवायची. तीस वर्षांचा गडी, घास घेताना डोळं मिटून घ्यायचा. माज्या यंत्रावर कुनाचा हात जाऊ द्यायचा न्हाय, येवढंच मागनं हाय माजं."

तरी मी त्यांना भित्रे म्हणायचं काही सोडलं नाही. तेव्हा माझं वय चोवीस होतं आणि अक्कल त्याहून बरीच कमी.

यंत्रावर कडबा सारणाऱ्या बायांत सोनाबाई सगळ्यांत चपळ. नवरा खडी फोडायच्या कामावर, दोन बैल आमच्या छावणीत. मिस्त्रींना ती चाचा म्हणायची आणि स्वतःच्या भाकरीतली चतकोर त्यांना दिल्याशिवाय जेवायची नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी आली. गिरण्यांत त्या दिवशी यंत्रं पुजून बंद ठेवतात. पण जनावरांना सण कळत नाही. छावणीचे प्रमुख महादेवप्पा म्हणाले, सकाळी सातला पूजा करू, नारळ फोडू आणि लगेच काम चालू. नारळ फुटला की यंत्र फिरलंच पाहिजे. मध्ये खंड पडला तर वर्षभर खोळंबा, अशी आमच्याकडची समजूत.

मिस्त्रींनी पाती धुऊन बसवली होती आणि पट्टा नेहमीसारखा खांद्यावर घेऊन उभे होते. महादेवप्पांच्या कपाळाला आठी पडली.

"मिस्त्री, पट्टा चढवा की. मोडक्या अवजाराची कुटं पूजा करत्यात व्हय?"

माझ्याशी पट्ट्यावरून दहादा भांडणारा माणूस एक शब्द बोलला नाही. पट्टा चढवला, झेंडूची माळ घातली आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

मी इंजिनाजवळ होतो. धुळीसाठी मध्ये पत्रा ठोकलेला, त्यामुळे पूजा मला दिसत नव्हती. इंजिन सुरू करायचं हँडल धरून नुसता नारळाच्या आवाजाची वाट बघत होतो. पलीकडे काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. सोनाबाई हळदकुंकू लावत होती. एक पातं वर होतं, त्याला लावून झालं. दुसरं खाली, यंत्राच्या तोंडाशी. एकाला लावायचं आणि एकाला कोरडं ठेवायचं कसं, म्हणून तिनं हात आत घातला.

नारळ फुटला. मी हँडल मारलं.

इंजिन चालू व्हायचीसुद्धा गरज पडली नाही. हँडलच्या पहिल्या अर्ध्या फेऱ्यातच तिच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. पाती कालच धार लावून ठेवलेली होती. ती किंकाळी मला आजही ऐकू येते आणि यावीच.

तिला ट्रकमध्ये घालून सोलापूरला दवाखान्यात नेलं. दुपारी चौकशीला तहसिलीतले साहेब आले. इंजिन कुणी फिरवलं, असं त्यांनी विचारलं. सगळे खाली बघत होते. मीही खालीच बघत राहिलो. तेवढ्यात मिस्त्री पुढं झाले.

"साहेब, पट्टा म्या चढवला. पट्टा नसता तर इंजिन कुनी फिरवून काय व्हनार व्हतं? चूक माजी."

साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं. मिस्त्रींना त्याच दिवशी कामावरून काढलं. मी नोकरीवर राहिलो, वर खंडेनवमीची बदली सुट्टीही दोन दिवसांनी घेतली. भित्रा कोण होता ते त्या दिवशी कळलं, आणि कळूनही मी तोंड उघडलं नाही.

पाच वर्षांनी सोलापूरच्या मंगळवार बाजारात ते दिसले. शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावत बसले होते. सोनाबाईच्या गावाला वर्षातून एकदा जाऊन येतात, तिची मुलगी आता तिची वेणी घालते, असं त्यांनी न विचारताच सांगितलं. मी समोर उकिडवा बसलो.

"चाचा, हँडल मी मारलं होतं. मी सांगायला पाहिजे होतं."

"तुला काय दिसत व्हतं, शिवशरण? मदी पत्रा व्हता." त्यांनी कात्री खाली ठेवली. "मला दिसत व्हतं. तिचा हात आत गेला ते दिसलं. महादेवप्पानं नारळ उचलला, ते बी दिसलं. थांबा म्हनून वरडनार व्हतो. मग मनात आलं, पूजा चाललीया हेंची, आपन मुसलमान मानूस, मदीच वरडून अपशकुन कशाला करायचा? तेवढा इचार करेपर्यंत नारळ फुटला."