एवेलिओची मांडणी

एवेलिओ लुकुमीबद्दल मी चार शब्द चांगले बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. तीन वर्षांपूर्वी तो आमच्या शेजारी राहायला आला, आणि तेव्हापासून दर रविवारी माझ्या पोटात दुखतं. वय अडुसष्ट, उंची बेताची, डोक्यावर मोजून वीस केस. साखर कारखान्यात चाळीस वर्षं लेथ चालवली. नखांत अजून ग्रीस आहे. अशा माणसाचा हेवा वाटावा ही काय कमी नामुष्की?

आमच्या काली शहरात रविवारची दुपार म्हणजे साल्सा. ज्याच्याकडे तबकड्या चांगल्या आणि आवाज चांगला, त्याच्या घरी गल्ली जमते, खाते, पिते, नाचते. तीस वर्षं ते घर माझं होतं. माझा अॅम्प्लिफायर जपानी, स्पीकर कमरेएवढे उंच, आणि रेकॉर्ड प्लेयर ठेवायची चार मजली काचेची मांडणी खास बोगोताहून मागवलेली. लोक आधी मांडणीकडे बघायचे, मग माझ्याकडे. मला ते आवडायचं, कशाला लपवू?

खोट एकच होती. घराची जमीन फळ्यांची. कोणी जोरात पाय आपटला की काच थरथरायची, सुई उडी मारायची आणि गाणं मधूनच पुढच्या कडव्यात जायचं. नवी तबकडी असली तर माझा जीव खालीवर व्हायचा. म्हणून माझा नियम होता, नाचा पण हळू. आणि हा नियम सगळ्यात जास्त ऐकावा लागायचा माझ्या बायकोला. नुबिया नाचते टाचेवर. लग्नाआधी तिच्या टाचेवरच मी भाळलो होतो. तरी दर रविवारी स्पीकरशेजारी उभा राहून मी ओरडायचो, "नुबिया, हळू!"

मग एवेलिओ आला. त्याचा रेकॉर्ड प्लेयर झाकण तुटलेला, स्पीकरला कापडाचं ठिगळ. महिन्याभरात गल्ली तिकडे वळली. एका रविवारी मीही गेलो, मुद्दाम उशिरा, तोंड वाकडं करून. दारातच थबकलो. अकरा जोडपी नाचत होती, फळ्या धडधडत होत्या. दोन्ही घरं एकाच ठेकेदाराने बांधलेली, तेव्हा फळ्याही त्याच. पण सुई जागची हलत नव्हती. आणि मधोमध नुबिया, केस सुटलेले, चेहरा लालबुंद, टाच अशी हाणत होती की बावीस वर्षांची वाटावी. आवाजाचा हेवा वाटला, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं. माझी बायको दुसऱ्याच्या घरात इतकी खूश होती, हे मला सोसलं नाही.

घरी आल्यावर मी म्हणालो, "त्याचा आवाज जरा जाडच आहे, नाही?"

"नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं," नुबिया म्हणाली. "तुझ्या घरी तर अंगणच नाचतं रे!"

मंगळवारी सकाळी मी नाक मुठीत धरून त्याच्याकडे गेलो. "एका मित्रासाठी विचारतोय. पाल्मिराला असतो. त्याची सुई फार उडते."

"असं?" एवेलिओ गंभीरपणे म्हणाला. "जमीन फळ्यांची आहे का मित्राची?"

"आहे."

"आणि मांडणी काचेची? बोगोताहून आणलेली?"

"शेजारी म्हणून विचारायला आलोय, उलटतपासणी द्यायला नाही."

तो हसला, उठला, आणि टरबूज बघतात तशी आपल्या मांडणीवर टिचकी मारली. आवाजच आला नाही. पायांना कारखान्यातले जाड लोखंडी पाइप, आत नदीची वाळू ठासून भरलेली. वर धुणं धुवायच्या जुन्या हौदावरची दगडी फरशी, आणि फरशीखाली चार अर्धे कापलेले टेनिसचे चेंडू. "धक्का जमिनीतून चढतो," तो म्हणाला, "पण वाळूत दमतो. उरला तर चेंडू खातो. स्पीकरचा हादरासुद्धा सुईपर्यंत पोचत नाही, म्हणून सूर गढूळ होत नाहीत."

"डोकं चालवलंत."

"डोकं कसलं. माझी लिहिया टाचेवर नाचायची. लग्नानंतर पहिल्याच रविवारी सुई उडाली. म्हटलं, पाय तिचे, लोखंड माझं. लोखंड बदलता येतं." मग हळूच म्हणाला, "सहा वर्षं झाली तिला जाऊन."

मेलेल्या बाईचाही हेवा वाटतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तीन आठवड्यांत त्याने माझ्यासाठी तशीच मांडणी केली, आणि गल्लीतले दोघे धरून आम्ही चौघांनी ती धापा टाकत आत आणली. तबकडी लावून एवेलिओने जमिनीवर दोन्ही पायांनी उडी मारली. सुई ढिम्म. बावीस वर्षं माझ्याकडे असलेल्या त्या तबकडीत बास वाजवणाऱ्याचं एकेक बोट मला पहिल्यांदा वेगळं ऐकू आलं. अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं मी ऐकलं तरी काय होतं?

त्या रविवारी मी सगळ्या गल्लीला बोलावलं. "आज हवं तसं नाचा!" लोकांनी जमीन दणाणून सोडली. मी नुबियाचा हात धरला. ती नाचू लागली, छान, तालात, पण चवड्यांवर.

"नुबिया, जोरात! आता नाही उडत सुई!"

"हो रे, हो!" ती हसली. दोन पावलं आपटली. तिसऱ्या पावलाला टाच आपोआप वर गेली, आणि मग खाली टेकलीच नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

एवेलिओच्या आलं. कोपऱ्यात तो लुलाड्याच्या सरबताचा ग्लास घेऊन उभा होता, नजर तिच्या पायांवर. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चटकन मान फिरवून खिडकीबाहेर बघू लागला. बाकी सगळं एक वेळ सोडून देईन. पण त्याला माझी कीव आली, ते मी त्याला कधी माफ करणार नाही.