गाणं पळवायचं नाही

आमच्या चारकोपच्या सोसायटीत महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ज्येष्ठ नागरिकांसाठी जुना सिनेमा दाखवतात, आणि गाणं आलं की पळवतात. हो, पळवतात! नायिका झाडाला टेकली, व्हायोलिनं वाजायला लागली की मागून कुणीतरी ओरडतं, "आलं आलं, पळव!" आणि प्रोजेक्टरवाले काका रिमोट दाबतात. नायिका फुर्रकन डोंगर चढते, उतरते, की झालं गाणं. कारण काय, तर साडेसातला हॉल योगावाल्यांना द्यायचा असतो आणि मध्ये बटाटेवड्यांसाठी अर्धा तास लागतो. मीटिंगमध्ये रीतसर हात वर करून ठरवलंय म्हणे. पुरणपोळीतलं पुरण काढून ठेवायचं आणि नुसती पोळी वाढायची, वर विचारायचं, कशी झालीय?

मी आजवर गप्प बसत आले, कारण मी काही तिथली ज्येष्ठ नव्हे. अठ्ठावन्नची आहे, आईला सोबत म्हणून जाते. आई सत्त्याऐंशीची. बाबा गेल्यावर भांडुपची खोली सोडून माझ्याकडे राहायला आली. पण गेल्या महिन्यात नोटीस बोर्डावर पुढच्या सिनेमाचं नाव लागलं आणि आईनं ते वाचून माझा दंड इतका घट्ट धरला की माझ्या हातातली भाजीची पिशवी खाली पडली.

त्या सिनेमात आई आहे.

सतराव्या वर्षी ती नाचायची, म्हणजे नायिकेच्या मागे ज्या बारा मुली असतात ना, त्यांतली एक. आजोबा गिरणीत, घरात सात तोंडं. शेजारच्या चाळीतली एक बाई स्टुडिओला मुली न्यायची, तिच्याबरोबर आई जायची. सिनेमा एकदम हलकाफुलका. सायकल दुरुस्त करणारा नायक, दवाखान्यातली नर्स नायिका, दोघंही एकमेकांना श्रीमंत समजतात आणि दोघंही खोटं बोलत सुटतात. त्यात सहलीचं एक गाणं. बारा मुली, बारा कागदी छत्र्या. आई चौथी. तिची छत्री पिवळी होती, असं ती अजून सांगते. सिनेमा काळापांढरा, पण तिला पिवळीच आठवते.

त्या गाण्यात एका ठिकाणी सगळ्यांनी गर्रकन वळायचं होतं. आई वळली एकीकडे आणि रांग वळली दुसरीकडे. डान्स मास्तर सगळ्या युनिटसमोर ओरडला, "ए चार नंबर, म्हैस कुठली!" रीळ वाया घालवायचं नाही म्हणून शॉट तसाच ठेवला, आणि आईला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

हे एवढ्यावर संपलं असतं तर चाललं असतं. पण सिनेमा लागला तेव्हा कुणाला तो भयंकर आवडला, कुणी नाक मुरडलं. पिटातली माणसं शिट्ट्या मारत होती आणि वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं की गोष्टीत दम नाही आणि सामूहिक नाचांत शिस्त नाही. आजीनं मोठ्या हौसेनं सगळ्यांना लालबागला सिनेमा दाखवायला नेलं, दुसऱ्या आठवड्यात. तर ते गाणंच नाही! डोअरकीपर म्हणाला, लांबण लागते म्हणून कापलं. आईनं त्या दिवशी मनाशी पक्कं केलं, कापलं ते माझ्यामुळे.

आणि सत्तर वर्षं ती ते धरून बसली. मंगळागौरीला कधी फुगडी घातली नाही. मी शाळेच्या गॅदरिंगला नाचात नाव दिलं, तर तिनं बाईंना चिठ्ठी लिहून नाव कापायला लावलं. का, तर "एकाचो पाय चुकलो की सगळ्यांचा वाटोळा होता." तेव्हा मी तिच्याशी आठ दिवस बोलले नव्हते. मला काय माहीत, ती कुणाबद्दल बोलतेय!

तर नाव वाचल्यावर मी प्रोजेक्टरवाल्या काकांकडे गेले. म्हटलं, काका, पेनड्राइव्हवर द्या ना, घरी टीव्हीवर बघतो. ते म्हणाले, "न कापलेली प्रत आहे, पण माझा संग्रह मी बाहेर देत नाही." पन्नास वर्षं जमवलेला ठेवा आहे, आणि त्यातली गाणी हा माणूस स्वतःच्या हातानं पळवतो! नेटवर शोधलं तर अर्धाच सिनेमा, त्यात हे गाणं नाही. मी म्हटलं, मग निदान ते छत्र्यांचं गाणं तरी पूर्ण दाखवा. "बघू," म्हणाले. आईनं मला शपथ घातली होती की कुणाला काही सांगायचं नाही, म्हणून मी जास्त बोलले नाही. तिला एकदाच बघायचं होतं, खरंच तिनं गाण्याची वाट लावली का.

शनिवारी आम्ही पहिल्या रांगेत. आईनं नवी साडी नेसलेली. आधी आमच्या सोसायटीतले एक निवृत्त प्राध्यापक उठले. दर वेळी ते प्रास्ताविक करतात. म्हणाले, हा सिनेमा तसा टाकाऊच, विनोद बाळबोध, नाच म्हणजे नुसता गोंधळ, पण त्या काळाचा नमुना म्हणून बघा. आईची मान खाली गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण शपथ होती.

सिनेमा सुरू झाला. लोक हसत होते हो, मनापासून! बाळबोध म्हणे. निम्म्या हॉलच्या डोळ्यांत हसून पाणी. प्राध्यापकसुद्धा दोनदा हसले, मी मागे वळून बघितलं. मग नायकानं सायकलला पंप मारला, नायिका छत्री उघडत आली, आणि मागून आवाज, "आलं आलं, पळव! वडे आलेत!"

काकांनी रिमोट दाबला. पडद्यावर छत्र्या भुर्रकन फिरायला लागल्या.

मी उभी राहिले. "थांबवा! आधी थांबवा ते!"

सेक्रेटरी म्हणाले, "अहो मॅडम, साडेसातला हॉल..."

"घाला चुलीत तुमचा हॉल! गाण्यांचा सिनेमा लावता आणि गाणी पळवता? लाजा नाही वाटत? माझी आई आहे त्या गाण्यात!"

आई माझी ओढणी खेचत होती, "बस गो, बस." मी बसले नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि गाणं मागे नेलं.

आई पुढे वाकली. बारा मुली आल्या. मी तिला लगेच ओळखलं. हनुवटी माझीच. आईनं माझा हात धरला, कारण ती जागा जवळ येत होती. पहिली मुलगी गर्रकन डावीकडे वळली, तिच्यामागून दुसरी, तिसरी, मग पाचवीपासून बारावीपर्यंत सगळ्या. चौथी एकटी उजवीकडे.

आणि नायिकाही उजवीकडे.

"परत दाखवा," मी म्हटलं. काकांनी परत दाखवलं, या वेळी सावकाश. पहिलीचं चुकलं होतं. बाकी दहा जणी तिला बघून चुकल्या. नायिकेवर नजर ठेवायची, असं मास्तरनंच शिकवलेलं, आणि ते फक्त आईनं ऐकलं होतं. सगळ्या हॉलला दिसलं. प्राध्यापक मागून म्हणाले, "अरेच्चा, त्या बरोबर आहेत की!" आता सांगताय? मला त्या मास्तरची कॉलर धरायची होती, त्या पेपरवाल्याचीही. पण धरणार कुणाची, सगळे कधीच मेलेले.

आई काठी टेकत उठली. मला वाटलं, घरी जायचं म्हणेल, रडेल. तिनं काठी उचलली आणि सरळ पडद्यावर रोखली.

"मेल्या मास्तरा," ती ओरडली. आयुष्यात तिला कुणावर ओरडताना मी बघितलं नव्हतं. "बघ! कोण चुकला ता बघ! मायझया, म्हैस कोणाक म्हणतंस?"

सेक्रेटरी हळूच म्हणाले, "काकी, वडे थंड होतायत."

"होऊंदेत," आई म्हणाली. "परत लाव."