हिरामण पाडेलीचा पाय

आरोग्य केंद्रात महिन्यातला एक मंगळवार शुगरचा. त्याची तयारी हिरामणच्या आळीत रविवारपासूनच सुरू होई. भात बंद, चहा बिनसाखरेचा, सकाळ-संध्याकाळ कारल्याचा रस, आणि एरवी डब्यात पडून असलेल्या गोळ्या दोन दिवस अगदी वेळेवर. मंगळवारी बोटाला सुई टोचेपर्यंत आकडा गुणी पोरासारखा खाली आलेला असे. बाहेर पायरीवर शेजारचा अनंता वाट बघत बसलेला.

"किती आली रं?"

"एकशे अठ्ठावीस."

"पास झालास की! माजी दोनशेच्या वर गेली. काल पोरीच्या सासरची मानसं आली, घावनं खाल्ली दोन."

"दोन? तुजी दोन म्हंजे आमची सात. नापासच व्हनार तू."

ही शाळा डॉक्टरांना ठाऊक नव्हती असे म्हणणे कठीण आहे. पण डॉक्टर वर्षाला बदलत आणि व्हरांडा माणसांनी भरलेला असे. आकडा बरा दिसला की "छान" म्हणायचे आणि पुढच्याला बोलवायचे. तीन महिन्यांतली साखर सांगणारी रक्ततपासणी तालुक्याला होत होती. तिथे जायचे तर दिवस मोडायचा. डॉक्टरांनी आग्रह धरला नाही, हिरामण गेला नाही. एका पावसाळ्यात तर चांगल्या आकड्याचे बक्षीस म्हणून त्याची एक गोळी कमी झाली.

हिरामण पाडेली होता. माडा-पोफळींवर चढून नारळ-सुपारी उतरवणारा. वादळात आडव्या झालेल्या वाड्यांतून नवी रोपे अजून गुडघ्या-कमरेएवढीच होती, म्हणून उरलेल्या उंच झाडांवर तोच चढे. पायांत दोरीचा वेढा अडकवायचा आणि तळव्यांनी खोड पकडत वर सरकायचे. गेली दोनेक वर्षे त्या तळव्यांना खोडाचा खरखरीतपणा कळेनासा झाला होता. चढून चढून कातडे राठ झाले, असे त्याने धरले आणि तो ते मिरवूही लागला. "काटाच घाबरतो माज्या पायाला," तो म्हणे. साखरेने पायाची जाणीव मरते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. केंद्रात चपला दाराबाहेर काढायची पद्धत. म्हणजे दर महिन्याला ते पाय अनवाणीच डॉक्टरांसमोर येऊन जात. टेबलाखाली वाकून कोणी पाहिले नाही.

रक्त आधी झाडावर दिसले. हिरामणची बायको सुचिता खाली पडलेले नारळ गोळा करत होती. तिला खोडावर ओले लाल डाग दिसले.

"अवो, खाली या! ह्या रगत कोनाचा?"

"माकडाचा असंल."

"माकड न्हाय, तुमीच हाव वर. उतरा आदी."

अंगठ्याखाली शिंपल्याची कपची रुतली होती. ती कधी घुसली, ते त्यालाच सांगता येईना. भोवतालचे मांस पांढरे पडले होते आणि वास येत होता.

केंद्रात नर्सने पट्टी बांधली. "काका, शुगर छान आहे तुमची. येईल भरून." पट्टीवर पट्टी होत राहिली. अंगठा काळा पडला आणि ताप चढला तेव्हा तालुक्याला पाठवले. तिथे शस्त्रक्रियेचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येत, ते आदल्याच दिवशी येऊन गेले होते. जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचेपर्यंत अर्धे पाऊल कापण्यापलीकडे इलाज उरला नव्हता.

तिथले सर्जन चिडले. "इतके दिवस डॉक्टरला दाखवलं नाहीत?"

"दर म्हैन्याला दाखवत व्हतो, सायेब."

"काय दाखवत होता?"

"बोट," हिरामण म्हणाला आणि सुई टोचायचे बोट त्याने पुढे केले.

घरी पाठवताना सर्जनने सुचिताला बजावले : दुसरा पाय जपा. रोज बघा, काही दिसले तर त्याच दिवशी दाखवा. तो पायही गेला तर माणूस कायमचा अंथरुणाला खिळेल.

वाडीवाल्यांनी म्हसळ्याकडचा दुसरा पाडेली आणला. सुचिता दिवेआगरला पाहुण्यांच्या खोल्या झाडायला जाऊ लागली. निघण्यापूर्वी ती नवऱ्याला अंगणात उजेडाला बसवून त्याचा धड पाय मांडीवर घेई. हिरामणला ते आवडत नसे. "काय गो, सगल्या गावानं बगावा काय?" तो करवादे. ती बोटांच्या बेचक्याही उघडून बघे.

एका गुरुवारी टाचेवर पाण्याने टचटचलेला फोड दिसला. चुलीशी बसताना भाजले होते. त्याला पत्ताच नव्हता. सुचिताने त्या दिवशी कामावर जायचे सोडले आणि केंद्रात जायला रिक्षा बोलावली.

"आज शुगर नाही मावशी," नर्स म्हणाली. "मंगळवारी या."

"शुगर न्हाय, पाय दाखवायचाय."

"पायाचं इथे काही नसतं. फार तर पट्टी करून देते."

"पट्टी बगितलीय आमी."

डॉक्टरांच्या खोलीचे दार उघडे होते. आत नवे डॉक्टर मान खाली घालून सह्या करत होते. सुचिताने हिरामणला काखेत धरून आत नेले, स्टुलावर बसवले, त्याचा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि टाच वर करून टेबलावर, त्या कागदांवर ठेवला. हिरामणने शरमेने तोंड भिंतीकडे फिरवले.

"अहो, हे काय चाललंय? पाय खाली घ्या!"

सुचिताने घोटा सोडला नाही.

"आदी बगा," ती म्हणाली. "मंग घेते खाली."