गुरुजींचं डावं बोट

विरार पश्चिमेला एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या जयवंत मुणगेकरांना उभ्या आयुष्यात कोणी काही विचारलं नव्हतं. म्हणजे वेळ विचारली असेल, पत्ता विचारला असेल, पण "तुमचं काय मत?" असं कधी कोणी नाही. फोर्टातल्या एका विमा कंपनीत ते आवक-जावक विभागात होते, आणि पाकिटांवर शिक्के मारणाऱ्या माणसाचं मत घेऊन कोणाला काय करायचंय? घरी त्यांची बायको आशालता सगळे निर्णय स्वतः घेई, आणि ते बरोबरच निघत. त्यामुळे तक्रारीलाही जागा नव्हती.

असा हा माणूस शेहेचाळिसाव्या वर्षी गुरुजी झाला, आणि तोही गिटारचा.

झालं असं, की २००१च्या दिवाळीत त्यांनी हौसेने एक गिटार घेतली आणि फूटपाथवरून गिटार शिकवणारं एक जुनं इंग्रजी पुस्तक. चार दिवस ते शिकले. पाचव्या दिवशी डाव्या हाताची बोटं इतकी ठणकायला लागली की शर्टाची बटणं आशालताबाईंना लावून द्यावी लागली. गिटार कपाटावर गेली, गणपतीच्या मखराच्या खोक्याशेजारी. पुस्तक मात्र त्यांनी सोडलं नाही. वाचायला बोटं लागत नाहीत.

मग स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत त्यांना एक ई-मेल गट सापडला, 'सहा तारा' नावाचा. मराठी गिटारप्रेमी तिथे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं होतं, की डाव्या हाताचा अंगठा नेमका कुठे ठेवायचा? ते पान जयवंतरावांनी त्याच सकाळी वाचलं होतं. त्यांनी लिहून टाकलं. तिघांनी आभार मानले. एकाने 'गुरुजी' म्हटलं. दुसऱ्या दिवशी जयवंतरावांनी पुढचं पान वाचलं.

दोन वर्षांत त्यांनी अशी अठ्ठावन्न पत्रं लिहिली. ते ई-मेलला पत्रच म्हणत. पुस्तकात कुठे पान फाटलेलं असलं की पदरचं घालत. उदाहरणार्थ, बसताना डाव्या पायाखाली काहीतरी घ्यायचं असतं हे कळत होतं, पण काय ते चित्र उंदराने खाल्लं होतं. जयवंतरावांनी बेधडक लिहिलं, 'एक साधी वीट, वर्तमानपत्रात गुंडाळून.' आणि कोणी संग्राम नावाच्या पुण्याच्या मुलाचं बोट कांदा चिरताना कापलं, तेव्हा त्यांनी लिहिलं, 'डाव्या हाताची तर्जनी कापली असेल तर पंधरा दिवस गिटारला हात लावू नये. वादकाचं सगळं त्या एका बोटावर असतं.' हे वाक्य लोकांना फार आवडलं. त्याची फळं पुढे यायची होती.

तर २००४च्या जानेवारीत गटावर टूम निघाली, की आता प्रत्यक्ष भेटू या, शनिवार-रविवार. आणि कुठे भेटायचं? गुरुजींच्या गावी!

जयवंतरावांनी ते पत्र तीनदा वाचलं. पण नाही म्हणणार कसं? नाही म्हटलं तर संशय, हो म्हटलं तर फजिती. ज्या एका जागी जग त्यांना काही विचारत होतं ती जागा जाणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. तरी त्यांनी होच म्हटलं, कारण चौघांनी लागोपाठ 'गुरुजी, प्लीज' लिहिलं होतं, आणि त्यांना प्लीज म्हणायचीही कोणाची पद्धत नव्हती.

आता जागा. विरारच्या दोन खोल्यांत माणसं मावणार नाहीत म्हणून त्यांनी ऑफिसातल्या दयारामला धरलं. दयाराम नालासोपाऱ्याजवळच्या वटार गावचा, पिढ्यानपिढ्यांचा वाडीवाला. सकाळी केळींना पाणी सोडून मग कामावर येणारा.

"माणसं किती?" दयारामने विचारलं.

"दहाएक."

"आणि करणार काय?"

"गिटारवर चर्चा."

"वाजवणार नाहीत?"

"वेळ उरला तर."

दयारामने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग म्हणाला, "या. प्रेमला वालाचं बिरडं करील."

कार्यक्रमपत्रिका जयवंतरावांनी स्वतः आखली, आणि ती पाहण्यासारखी होती. शनिवारी परिचय, तारांवर चर्चा, जेवण, लाकडावर चर्चा, चहा, चहानंतर राहिलेली चर्चा. रविवारी सकाळी वाडीदर्शन, मग 'गिटार आणि हवामान' यावर चर्चा, जेवण, आणि अगदी शेवटी, निघायच्या गडबडीत, वादन, पंधरा मिनिटं. कोणीतरी हरकत घेईल म्हणून ते धास्तावले होते. कोणीच घेतली नाही. उलट सगळ्यांनी लिहिलं, 'उत्तम! चर्चेला थोडा जास्त वेळ ठेवता आला तर बघा.' एवढं झाल्यावर माणसाने विचार करायला नको? पण घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याची भीती दिसत नाही.

तेवढ्यात एक नवं नाव उगवलं. 'मी जुलियाना, वसईजवळच्या पापडीची. मी कधी लिहिलं नाही, फक्त वाचते. शनिवारी ड्यूटी आहे, रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर येऊ का?' जयवंतरावांनी 'अवश्य' लिहिलं आणि विसरून गेले.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी डाव्या तर्जनीला पट्टी बांधायला घेतली. लाल औषध लावून, कापूस ठेवून, वर बोटभर लांबीचं बँडेज.

"काय झालं?" आशालताबाईंनी विचारलं.

"सुरी लागली."

"तुम्ही सुरी हातात कधी घेतलीत?"

बाईंनी एक उसासा टाकला, पट्टीची गाठ नीट मारून दिली आणि म्हणाल्या, "उद्या हात हलवताना मधेच आई गं म्हणा. नाहीतर विसराल."

शनिवारी सकाळी नालासोपाऱ्याला एसटीच्या थांब्यावर जयवंतराव पाहुण्यांची वाट बघत उभे राहिले. पहिला संग्राम आला, पाठीवर गिटार. त्याने नमस्कार करायला हात जोडले, तर डाव्या तर्जनीला ही जाड पट्टी. "कांदा," तो कसनुसं हसून म्हणाला. मग दादरच्या ज्ञानदाताई आल्या, तारांवर तीन-तीन पानं लिहिणाऱ्या. त्यांचं बोट दारात सापडलं होतं. एकाचं डब्याच्या झाकणाने कापलं होतं, एकाला मांजर चावलं होतं. असे नऊ पाहुणे जमले आणि नऊ पट्ट्या जमल्या. त्यातल्या एकाने उजव्या हाताला बांधली होती. आपण डावखुरे असल्याचं त्याने न विचारता तिघांना सांगितलं.

तुम्हाला वाटेल, आता तरी जयवंतरावांच्या डोक्यात प्रकाश पडला असेल. नाव नको! त्यांना भडभडून आलं. ही खरी कलावंत माणसं, बोटं कापली तरी शब्द पाळायला आली, आणि त्यांच्यात खोटारडा मी एकटा, असं त्यांना वाटलं. वटारच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाकीचे नऊ जणही खिडकीबाहेरच बघत होते.

शनिवार मात्र सोन्याचा गेला. केळीच्या सावलीत सतरंजीवर दहा माणसं आणि दहा गिटारी. ज्ञानदाताईंच्या गिटारीवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. लाकडावर अशी चर्चा झाली की दयारामने मध्ये येऊन फणसाचं लाकूड चालेल का विचारलं, आणि त्यावर आणखी एक तास गेला. ताटं वाढल्यावर सगळे एकमेकांच्या बोटांची काळजी घेत होते. "तुम्ही राहू द्या, मी देतो पाणी, तुमचं बोट!" "छे छे, तुमचं जास्त ताजं आहे!" दयारामची बायको प्रेमलाबाई स्वयंपाकघरात मदतीला आलेल्या आशालताबाईंना म्हणाल्या, "हे काय, गिटारवाल्यांचं व्रत असतं का?" आशालताबाई म्हणाल्या, "असंच समजा."

जयवंतरावांना पाच वेळा 'गुरुजी, तुमचं काय मत?' असं विचारलं गेलं. त्यांनी ते मोजलं.

रविवारी साडेदहाला वाडीच्या बांधावर स्कूटर थांबली. पस्तिशीची एक ठेंगणी बाई उतरली, पाठीवर गिटार. पुढच्या पिशवीतून तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढून काखेत मारली. जयवंतरावांनी ती लगेच ओळखली. ती वीट होती.

"गुरुजी, मी जुलियाना," ती म्हणाली. मग तिची नजर त्यांच्या बोटावर गेली, मग संग्रामच्या, मग ओळीने सगळ्यांच्या. चेहरा बदलला. "हे कधीपासून? सगळ्यांना एकाच बोटाला?"

"अहो, किरकोळ आहे," संग्राम म्हणाला.

"किरकोळ कसं? मी नर्स आहे, वसईला, पंधरा वर्षं. ही लागण असू शकते. कुणी हलायचं नाही." आणि तिने स्कूटरच्या डिकीतून ड्रेसिंगचा डबा काढला.

त्या वाडीत दहा सज्जन माणसांची अशी पाचावर धारण बसलेली दयारामने आधी कधी पाहिली नव्हती. ज्ञानदाताई म्हणाल्या, मला आता बरं वाटतंय. डावखुरे गृहस्थ केळीआड निघाले होते, त्यांना हाक मारून परत बसवलं. विहिरीजवळच्या बाकावर जुलियानाने दुकान मांडलं आणि बाकीच्यांना लांब, आंब्याखाली रांगेत बसवलं.

"आधी गुरुजी."

तिने गाठ सोडली. एक वेढा, दुसरा वेढा, कापूस. आत जयवंतरावांचं बोट होतं, दोन दिवस कोंडून पांढरं पडलेलं, सुरकुतलेलं, आणि बाकी अगदी धडधाकट. तिने ते उलटंपालटं करून पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. जयवंतरावांनी डोळे मिटून घेतले. झालं, संपलं, असं ते मनात म्हणाले.

तिने नवा कापूस घेतला, नवी पट्टी घेतली, आणि पुन्हा सुरेख बांधून दिलं.

"जखम खोल आहे," ती मोठ्याने म्हणाली. "पुढे या कोण ते. गुरुजी, तुम्ही बसा इथेच, कात्री धरा."

म्हणून जयवंतरावांना सगळं बघायला मिळालं. संग्रामचं बोट धड. ज्ञानदाताईंचं धड. मांजर चावलेलं तर सगळ्यात गोंडस. जुलियाना प्रत्येकाला नवी पट्टी बांधी, ओठ घट्ट मिटून घेई, आणि "खोल आहे" म्हणून पुढच्याला बोलवी. सातव्या बोटाला तिला खोकला आला. तो खोकला नव्हता, हे जयवंतरावांना कळलं. दहाही बोटं धड होती! म्हणजे आता कोणी कोणाला विचारणार नव्हतं. गुरुजी जन्मभर गुरुजी राहणार होते. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"मग आज वाजवायला मी एकटीच," हात धुऊन ती म्हणाली. बाकावर बसली, पायाखाली वीट घेतली आणि वाजवायला लागली. साधंच काहीतरी, दोन-तीन मिनिटांचं, पण एक सूर वेडावाकडा नाही. दयाराम पाण्याचा पाट तसाच सोडून येऊन उभा राहिला. पानं त्यांनी अठ्ठावन्न वेळा उतरवली होती. ती अशी ऐकू येतात हे त्यांना माहीत नव्हतं.

"सगळं गुरुजींच्या पत्रांतून शिकले," तिने सांगितलं, आणि पिशवीतून छापील कागदांची चळत काढली, कोपरे दुमडलेली. "फक्त एक अडलंय. एकतिसावं पत्र. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं. सहा महिने करतेय, एक तार फरफरतेच. तेवढंच विचारायला आले, गुरुजी. करून नाही दाखवलंत तरी चालेल, बोटाला लागलंय ना. नुसतं सांगा."

किती सोपं होतं! तोंडाला येईल ते सांगायचं, आणखी एक वीट. ती ते घरी नेऊन आणखी सहा महिने करत बसली असती. जयवंतरावांनी दाताने पट्टीची गाठ ओढली. जुलियानाने बांधलेली गाठ, ती काही सुटेना. शेवटी हातातली कात्री चालवली. बोट त्यांनी सगळ्यांसमोर उभं धरलं.

"मला येत नाही," ते म्हणाले. "हे पण नाही, आणि दुसरंही काहीच नाही. मी चार दिवस शिकलो होतो. बाकी सगळं पुस्तकातलं. आज वाचायचं, उद्या लिहायचं."

"आणि वीट?" जुलियानाने विचारलं.

"वीट माझी."

ती जी हसायला लागली! पोट धरून, गिटार सांभाळत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. संग्राम उठून जवळ आला, गुरुजींचं बोट बघून म्हणाला, "गुरुजी, तुमचं भरलं वाटतं," आणि आपली पट्टी सोडू लागला. "माझंही भरतंय." मग ज्ञानदाताई. मग सगळेच. डावखुऱ्या गृहस्थांनी कुठल्या हाताची सोडायची ते क्षणभर पाहून घेतलं.

प्रेमलाबाईंचं जेवण त्या दिवशी दोन तास थांबलं. दयारामने विहिरीच्या दुरुस्तीसाठी आणलेल्या विटांमधून दहा विटा गेल्या, आणि आंब्याखाली दहा मोठी माणसं डावा पाय विटेवर ठेवून एकेक तार दाबत बसली. जो आवाज निघत होता त्याने शेजारच्या वाडीतला कुत्रा उठून गेला. आशालताबाई सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, ताटली घेऊन दारात उभ्या होत्या. नवऱ्याचं असं भान हरपलेलं तोंड त्यांनी बऱ्याच वर्षांनी पाहिलं होतं, आणि त्या हाक न मारता तशाच थांबल्या.

जुलियाना रांगेने सगळ्यांची बोटं सरळ करत जयवंतरावांपाशी आली. तिने त्यांची तर्जनी धरून तारेवर ठेवली. "दाबा. अजून."

त्यांनी दाबली. बोटाच्या टोकातून कळ थेट कोपरापर्यंत गेली.

"दुखतंय ना?" ती म्हणाली. "चौथ्या पत्रात आहेच तुमच्या. पहिले पंधरा दिवस दुखतं, मग दुखत नाही."

जयवंतरावांनी मान वर केली. दोन वर्षं त्यांना हे कोणाला तरी विचारायचं होतं, पण गुरुजी विचारणार कोणाला?

"ते खरं आहे?"

"खरं आहे, गुरुजी. पंधरा नाही, मला अठरा लागले."

जयवंतरावांनी बोट पुन्हा तारेवर ठेवलं आणि दाबलं. आजचा दिवस पहिला होता.