अक्काचा कंट्रोलर आणि भाऊसाहेबांची काळजी

अक्का गेल्याचं मला फोन करून कुणी सांगितलं नाही. शिरवळच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर मी सकाळच्या पाळीचे नग मापत होतो, तेवढ्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर एक चित्र आलं. वर कमळ, खाली समई, मधे अक्काचा फोटो. तोही कुणाच्या तरी लग्नातला, शेजारच्या बाईचा खांदा अर्धवट कापून काढलेला. खाली ओळ होती : हसतमुख, खेळकर, सर्वांना हव्याहव्याशा. पाठवणारे भाऊसाहेब, अक्काचे थोरले दीर. 'खेळकर' हा शब्द वाचला आणि रडू यायच्या आधी मला शिसारी आली. हे लिहितोय तोवर दीड महिना उलटलाय. दुःख आपल्या जागी बसलंय, शिसारी मात्र जात नाही... ती बाजूला ठेवून अक्काबद्दल गोड गोड लिहिणं मला जमणार नाही.

अक्का माझी सख्खी थोरली बहीण. आमचं गाव औंधजवळचं. ती लग्न होऊन सांगलीला विश्रामबागेत गेली, मी नोकरीमुळं साताऱ्यात स्थिरावलो. दाजी वारल्यानंतर तिच्या हाताची बोटं आखडायला लागली. डॉक्टरांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. "कुत्र्याम्होरं टाकत्यात तसला," म्हणून तिनं तो कपाटाखाली सारला. घरात भाच्यानं, महेशनं, हौसेनं आणलेलं व्हिडिओ गेमचं मशीन टीव्हीखाली पडून होतं. त्याची हौस केव्हाच फिटली होती. एका दुपारी त्यानं गंमत म्हणून आईच्या हातात वायरलेस कंट्रोलर दिला, मोटारींची शर्यत लावली, आणि तो विसरून गेला. अक्का विसरली नाही. चेंडू दाबायला कुरकुरणारी बोटं त्या बटणांवर तासभर चालू लागली. सांगलीला गेलो की चहा व्हायच्या आत दुसरा कंट्रोलर ती माझ्या हातात ठेवायची. त्याला ती रिमोट म्हणायची.

तिच्यासारखी शर्यत कुणी खेळत नसेल. बाकीच्या मोटारी उधळल्यासारख्या सुटायच्या आणि अक्काची मोटार रस्त्याची डावी बाजू धरून निवांत निघायची. वळण आलं की अक्का स्वतः खुर्चीत वळायची.

"अक्का, शर्यत हाय ही. दाब की."

"म्होरं सिग्नल लागलाय न्हवं?"

"गेममधला सिग्नल त्यो. हितं कोण पावती फाडणार हाय?"

"म्हणून मोडायचा व्हय रं? तुज्या कारखान्यात साहेब नसला की तू काय बी पास करतोस?"

मोटार कठड्याला घासली की कंट्रोलर हातात थरथरतो. ती लगेच त्याच्या पाठीवरून हात फिरवायची. "घाबारलं बघ." सगळ्यांच्या शेवटी रेषा ओलांडली की कंट्रोलर मांडीवर ठेवून म्हणायची, "आले का न्हाई घरी धडपणी? ते पैले आलेले बघ, निम्मे उलटेपालटे झाल्यात." गावाकडं आमच्या ट्रॅक्टरच्या चाकाला तिचा हात कधी लागला नव्हता. लावू दिला नव्हता, असं म्हणणं बरोबर होईल. तिनं त्याची तक्रार केल्याचं मला आठवत नाही. पण गाडीतून जाताना स्टिअरिंग माझ्याकडं दे, असं ती महेशला एकदा म्हणाली होती आणि सगळे खूप हसले होते.

पुढं तिच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले आणि छातीत पेसमेकर बसवला. घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा चहा मागितला, मग रिमोट. तेव्हा भाऊसाहेब मधे आले. भाऊसाहेबांचं आयुष्य सहकारी संस्थांच्या बैठकांत अध्यक्षस्थानी गेलेलं. घरातही ते बोलायला लागले की ठराव मांडतायत असं वाटतं. त्यांनी कुठल्याशा ग्रुपवर वाचलं होतं की वायरलेस वस्तूंच्या लहरींनी पेसमेकर बंद पडतो. महेशला त्यांनी सांगितलं, "आईचा जीव महत्त्वाचा का खेळ?" महेश पोरगा वाईट नाही, पण काकांनी प्रश्न केला की उत्तर काकांच्याच तोंडून ऐकायची त्याला सवय. दोन्ही कंट्रोलर लोखंडी कपाटात गेले आणि किल्ली त्याच्या खिशात. अक्काला कुणी विचारलंच नाही.

मी मापल्याशिवाय मत देत नाही. रविवारी गेलो तेव्हा बघितलं : अक्का उशीला टेकून बसली की हात मांडीवर, म्हणजे छातीपासून दीड फूट. भाऊसाहेब तिच्या पलंगाला टेकून उभे राहायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशातले दोन मोबाईल तिच्या छातीला याच्याहून जवळ असायचे. भेटायला येणारा प्रत्येक जण मुलाबाळांना व्हिडिओ कॉल लावून फोन तिच्या हनुवटीपर्यंत न्यायचा. त्या लहरी कुणाला टोचत नव्हत्या. मी महेशला घेऊन तिच्या डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, "छातीवर ठेवून झोपू नका म्हणावं. हातात धरून खुशाल खेळू द्या, बोटांना बरंच आहे." महेशनं मान हलवली. घरी येऊन हे भाऊसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "डॉक्टर बोलून मोकळे होणार. जोखीम कुणी घ्यायची?"

मग मी शहाणपणा केला. लहरींचीच भीती असेल तर लहरी नसलेला आणू. साताऱ्यात शोधून त्या मशीनला चालणारा वायरचा कंट्रोलर मिळवला, वायर पलंगापर्यंत पोचते याची दुकानातच खात्री केली आणि पुढच्या रविवारी सांगलीला नेऊन जोडून दिला. अक्कानं तो उलटसुलट करून बघितला. एक शर्यत खेळली. मोटार कठड्याला घासली, पण स्वस्तातला तो कंट्रोलर काही थरथरला नाही. "ह्याला काय लागतबिगत न्हाई वाटतं," ती म्हणाली, आणि तरी दुसरी शर्यत लावली. इतक्यात भाऊसाहेब आले. त्यांनी वायरकडं बघितलं.

"ही कशाला? झोपेत गळ्याला गुंडाळली म्हणजे?"

मी म्हणालो, "भाऊसाहेब, लहरीबी नकोत, वायरबी नको. मग नेमकं काय नको ते एकदा सांगा की."

ते मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. आवाज खाली आणला. "दत्ताजीराव, लोक भेटायला येतात. आमच्या घरची बाई, कपाळ मोकळं, छातीत मशीन, आणि टीव्हीवर मोटारी पळवत बसलीय. काय दिसतं ते? आमच्या भावाला जाऊन किती दिवस झाले?"

तर हे होतं. पेसमेकर नाही, लहरी नाहीत, वायर नाही. भेटायला येणाऱ्यांनी बिछान्यात आजारी, थकलेली, हात जोडणारी विधवा बघायची होती आणि त्यांना ती मिळत नव्हती. आत अक्काला सगळं ऐकू गेलं असणार, व्हरांड्याचं दार उघडंच होतं. मी आत आलो तर तिनं वायर आपणच काढून नीट गुंडाळून ठेवली होती.

"का काढलीस?"

"ऱ्हाऊ दे. तू भांडत बसशील आन् जेवायचं ऱ्हाईल." मग खिडकीकडं बघत : "पण माजा त्यो रिमोट हाय का रं धड? का दिला कुणाला?"

"कपाटात हाय."

"मग एकदा हातात दे की. खेळत न्हाई. नुसता धरती..."

किल्ली महेशच्या खिशात आणि महेश रविवार असूनही कामाला मिरजेत. मी फोन केला. तो म्हणाला, "मामा, संध्याकाळी आलो की देतो." साताऱ्याला परतल्यावर रात्री मी विचारलं, तर म्हणाला, काका बसले होते, उद्या देतो. त्या आठवड्यात अक्का गेली. उद्या आलाच नाही, हे मी त्याच्या तोंडावर विचारून खात्री करून घेतलंय.

आता दहाव्याचं. कृष्णेच्या घाटावर पिंड मांडला. आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या आवडीचं पानात ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. अक्काच्या पानावर दहीभात, शिरा, भजी, चहाची कपबशी मांडली. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, खाली उतरत नव्हते. एकेक जण पुढं होऊन हात जोडून वचन देऊ लागला. महेशची काळजी घेऊ. वर्षश्राद्ध थाटात करू. कावळे हलेनात. तेव्हा भाऊसाहेबांनी महेशला खूण केली आणि महेशनं पिशवीतून कंट्रोलर काढला. तोच, अक्काचा. भाऊसाहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, सगळ्यांना दिसेल असा धरला, आणि दहीभाताला टेकवून पानात ठेवला. "आमच्या भावजयीला याची फार आवड होती," ते बैठकीतल्या आवाजात म्हणाले. पलीकडून कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला. दही त्याच्या बटणांच्या फटीत उतरत होतं...

मी पुढं झालो आणि तो उचलला.

"अहो, पानातलं उचलू नये!" भाऊसाहेब म्हणाले.

"जित्तेपणी दिला न्हाईसा," मी म्हणालो. "आता कावळ्याला कशाला देताय?"

महेश खाली बघत होता. कावळा त्यानंतरही शिवला नाही, हे मी मुद्दाम लिहितोय, नाहीतर गोष्ट रंगवून सांगायची लोकांना सवय असते. भाऊसाहेबांनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा करून शिवून घ्यायला सांगितलं, आणि घाटाच्या पायऱ्या चढताना जेवणाच्या पंगतीचं विचारायला लागले. मी जेवायला थांबलो नाही.

कंट्रोलर साताऱ्याला घेऊन आलो. बायको म्हणाली, पानातली वस्तू घरात नको. मी म्हणालो, ही पानातली नाही, अक्काची आहे. रविवारी टेबलावर वर्तमानपत्र पसरून साफ करायला बसलो. कापसाच्या बारीक काड्या घेतल्या, स्पिरिट घेतलं, फटीतलं वाळलेलं दही आणि भाताची शितं एकेक करून काढली. कामात मी कसर ठेवत नाही. मग अंगठ्याखालच्या त्या फिरत्या दांडीचं रबर सैल करून उचललं, तर खालून बामचा वास आला. दुखऱ्या बोटांना ती बाम चोळायची आणि हात न पुसता खेळायला बसायची. रबराच्या आतल्या कडेला त्याचा पिवळट थर बसला होता. भिजवलेली काडी माझ्या हातात होती, एका फिरवण्याचं काम होतं... मी काडी खाली ठेवली आणि रबर होतं तसं परत बसवलं.