साहेबांच्या हस्ते

आमचे हे मूळचे सुतार. खुर्च्यांचे पाय करता करता माणसांचे पाय करायला लागले, असं मी सांगितलं की लोक हसतात. हे मात्र हसत नाहीत. हसण्याच्या बाबतीत हा माणूस पहिल्यापासून हात राखूनच.

माजी सैनिकांसाठी कृत्रिम पायांचं केंद्र निघालं, तेव्हा ह्यांना तिथे नोकरी लागली. केंद्र आणलं आमदार साहेबांनी. लढाईत पाय गेलेल्या माणसाला कुबड्या देऊन मोकळं होता येणार नाही, हे एकच पालुपद त्यांनी विधानसभेत नऊ वर्षं लावून धरलं होतं. इतर आमदार चेष्टेनं त्यांना 'कुबडीवाले' म्हणत. माणूस खरंच चांगला. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढे कुणाला वाटेल, मी त्यांच्या नावानं बोटं मोडते आहे.

ह्यांनी पहिला पाय केला तो तोफखान्यातल्या एका सैनिकाचा. डावा, गुडघ्याखालचा. तोफांच्या आवाजानं त्याचे कान गेले होते, म्हणून तो सगळ्यांशी ओरडूनच बोलायचा. केंद्रात त्याचं नावच 'तोफखाना' पडलं. ह्यांनी प्लॅस्टरचा साचा घेतला, पाय घडवला, कानशीनं घासला, पट्टा शिवला, बक्कल बसवलं. बाविसाव्या दिवशी पाय तयार. आणि व्यवस्थापकांनी तो कपाटात ठेवायला सांगितला. केंद्राचं उद्घाटन व्हायचं होतं. पहिला पाय साहेबांच्या हस्ते द्यायचा, फोटो काढायचा, तोवर पाय तयार आहे म्हणून कुणाला बोलायचं नाही.

तारीख पुढे गेली. मग पुन्हा गेली. मग तिसऱ्यांदा.

तोफखाना दर मंगळवारी दुपारी यायचा. केंद्र पहिल्या मजल्यावर, सतरा पायऱ्या. पाय नसलेल्यांचं केंद्र वरच्या मजल्यावर काढणाऱ्याच्या डोक्याला काय म्हणावं, ते मला अजून सुचलेलं नाही. कुबड्यांचा आवाज खालूनच ऐकू यायचा. वर आला की बाकावर बसून ओरडायचा, "मिस्त्री, झाला का माझा पाय?"

"थोडं काम आहे अजून," हे म्हणायचे. त्याला खरं वाटावं म्हणून कपाटातून पाय काढून त्याच्यासमोर घासत बसायचे. तयार पाय, घासला तर झिजणार. म्हणून पॉलिश पेपर उलटा धरायचे, गुळगुळीत बाजूनं. तो कौतुकानं बघत बसायचा.

"होऊ दे सावकाश," म्हणायचा. "जन्मभर वापरायचाय."

दुसरी तारीख रद्द झाली तेव्हा हे घरी येऊन म्हणाले, "अगं, देऊनच टाकतो त्याला. मला बघवत नाही."

मी भाजी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "नवी नोकरी आहे. वरच्यांना कशाला दुखवायचं? आठ-पंधरा दिवसांनी काय फरक पडतो?"

त्यांनी ऐकलं. माझं ते नेहमीच ऐकतात, हेच वाईट.

चौथ्या मंगळवारी परत जाताना तोफखान्याची कुबडी वरून पाचव्या पायरीवर सरकली. हे धावत गेले तेव्हा पॉलिश पेपर हातात तसाच होता. दोन दिवस तो दवाखान्यात होता, मग वारला. पुढच्या आठवड्यात उद्घाटन झालं. साहेबांनी दुसऱ्याच सैनिकाला 'पहिला पाय' दिला, फोटो निघाला. तोफखान्याचा पाय दुसऱ्या कुणाच्या मापाचा नव्हता. हे तो घरी घेऊन आले आणि कपड्यांच्या कपाटावर ठेवला.

तेव्हापासून ह्यांच्या उजव्या हाताचा अंगठा हलत राहायचा. जेवताना ताटाच्या काठावर, रात्री पलंगाच्या कडेवर, घासल्यासारखा. पलंगाच्या त्या कडेचा रंग पार उडालाय. पुढे शेकडो पाय केले, पण तयार झालेला एकही पाय दुसऱ्या दिवसावर टाकला नाही. नोकरी संपून घरी बसले, तरी मंगळवारी दुपारी झोपेतून दचकून उठायचे आणि विचारायचे, "कोणी जिना चढतंय का गं?" आमचं घर तळमजल्यावर आहे.

यंदा साहेब राजकारणातून निवृत्त झाले आणि माजी सैनिकांनी त्यांचा सत्कार ठरवला. पहिला पाय घडवणाऱ्या कारागिरानं साहेबांना पुष्पगुच्छ द्यावा, असं निमंत्रण आलं. हे स्टुलावर चढून कपाटावरचा पाय काढायला लागले.

"कुठे नेताय तो?"

"साहेबांना सगळं सांगतो. आता नाही सांगितलं तर राहूनच जाईल."

मला भीती वाटली. ह्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी. सगळं सांगणार म्हणजे माझंही सांगणार.

सभागृहामागच्या खोलीत साहेब चहा पीत बसले होते. पार वाळलेले, हातात काठी. बाहेर मंचावर उद्घाटनाचा तोच फोटो, भिंतीएवढा मोठा केलेला. ह्यांनी पिशवीतून पाय काढून टेबलावर ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. कपाट, तारखा, उलटा पॉलिश पेपर, पाचवी पायरी, तोफखान्याचं खरं नाव. मी दाराशी पुष्पगुच्छ धरून उभी होते. इतका घट्ट धरला की देठ मोडले.

"मी देऊन टाकायला हवा होता," शेवटी हे म्हणाले. "चूक माझी. माझ्या एकट्याची."

साहेबांनी कप खाली ठेवला. "तिसरी तारीख का रद्द केली, आठवतंय मला. एका कापडाच्या दुकानाची फीत कापायला गेलो होतो." काठी टेबलाला टेकवून त्यांनी तो पाय दोन्ही हातांनी उचलला. मग म्हणाले, "हा मी वर नेतो."

मंचावर त्यांनी पुष्पगुच्छ घेतला नाही. पाय समोरच्या टेबलावर ठेवला आणि फोटोकडे हात केला. "तो पहिला पाय नव्हे. पहिला हा. हा तयार होता, आणि माणूस माझ्या तारखेची वाट बघत होता." तोफखान्याचं नाव त्यांनी दोनदा घेतलं. कुणी टाळी वाजवली नाही. सत्कार तिथेच संपला.

माझं बोलणं ह्यांनी का गाळलं, ते मी विचारलं नाही. विसरणारा माणूस नव्हे हा.

त्या दिवसापासून त्यांचा अंगठा थांबलाय. दुपारी गाढ झोपतात, घोरतातसुद्धा. मी शेजारी भाजी निवडत बसते. मंगळवारी माझ्या कानात कुबड्या जिना उतरायला लागतात आणि मी मोजते. एक, दोन, तीन, चार. ह्यांना हलवून उठवावं आणि सांगावं असं वाटतं, की फरक पडला हो. पण इतक्या वर्षांनी त्यांना झोप लागली आहे.