सहा जागा, सात पिशव्या

आमच्या पलटणीचा कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, पूर ड्यूटीसाठी गडचिरोलीला निघाला, तेव्हा सगळ्या ट्रकांत सर्वांत खूश माणूस मी होतो. हे आता सांगायला लाज वाटते. पण अकरा वर्षं बर्फात आणि वाळूत काढल्यावर पहिल्यांदाच आपल्या मुलखात ड्यूटी लागली होती. मी ब्रह्मपुरीचा, ड्रायव्हर, तेव्हा लान्स नाईक. कॉलममध्ये आमच्याकडचा आणखी एकच माणूस होता, मूलजवळच्या खेड्यातला नाईक सुधाकर गेडाम. तो मोटरबोट चालवायचा, मी ॲम्ब्युलन्स जीप. दोघंही इंजिनवाले, त्यामुळे भांडायला विषय कमी पडत नसत.

कॅम्प नदीकाठच्या एका शाळेत होता. वर्गात आम्ही, व्हरांड्यात रेशन, मैदानात गाड्या. सुधाकरला इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं कळायचं. आम्ही जेवत असताना मैदानातून कोणाची गाडी गेली की तो घास हातात धरून सांगायचा, "फॅनबेल्ट ढिली हाय तिची." बहुतेक वेळा बरोबर निघायचं. मला त्याचा राग यायचा, कारण गाड्यांचा माणूस मी होतो.

नवव्या दिवशी पाऊस थांबला. आदल्या दिवशी जीप चिखलातून ओढून काढली होती. इंजिनावर बोटभर चिखल, वर पुराचं गवत. असा चिखल वाळू दिला तर इंजिन तापतं, आणि ऑइल कुठून गळतंय तेही दिसत नाही. सकाळी साडेसातच्या मेंटेनन्स परेडला मी बॉनेट उघडलं.

इंजिन धुणं म्हणजे म्हैस धुणं नव्हे. आधी इंजिन पूर्ण थंड हवं. रात्रभर गाडी उभी होती, म्हणजे तो प्रश्न नव्हता. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. गवत, पानं कोरडीच हाताने उचलायची. ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक घट्ट आहेत ते पाहायचं. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, वायरींचे जोड आणि इंजिन जिथून हवा ओढतं ते एअर इंटेकचं तोंड, या सगळ्यांवर पॉलिथीन बांधायचं. त्या जीपमध्ये अशा सहा जागा होत्या. पाणी मगाने, हलक्या हाताने. पिचकारी मारायची नाही. साबणाचं पाणी, ब्रश, पुन्हा मग, फडकं, ऊन. आणि शेवटी पिशव्या मोजून काढायच्या. हे मी नव्या पोरांना इतक्या वेळा शिकवलं होतं, की झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

पिशव्या पूरग्रस्तांसाठी आलेल्या मुरमुऱ्यांच्या होत्या, पारदर्शक. एअर इंटेकच्या तोंडावर चढवलेल्या पिशवीला भोक निघालं. ती काढून दुसरी लावायचा कंटाळा केला. तिच्यावरूनच दुसरी ओढली आणि रबर लावलं.

सुधाकर बोटीकडे जाताना थांबला.

"जीपले नवरीवानी सजवून राह्यला बे. लगन हाय का तिचं?"

"तुह्या बोटीसंग लावून देतो," मी म्हणालो.

तो हसत गेला. त्याला चालताफिरता, धडधाकट असा मी तेव्हा शेवटचा पाहिला.

नऊ पन्नासला बोटीच्या बाजूने ओरडा झाला. काठावरच्या एका गोठ्यात ठेवलेली लाइफ जॅकेटं काढताना सुधाकरच्या हाताला नाग चावला होता. आमच्याकडे सापाच्या विषावरचं औषध नव्हतं. रुग्णालय एकोणचाळीस किलोमीटरवर. सुभेदार साहेबांनी मला फक्त विचारलं, "गाडी?"

"रेडी, साहेब. पाच मिनिटं."

धुतलेली जीप उन्हात वाळत होती. मी धावत जाऊन एकामागून एक पिशव्या ओढल्या. सहा जागा होत्या, हातात सहा पिशव्या आल्या. मोजल्या, बरोबर भरल्या. बॅटरी जोडली, बॉनेट पाडलं. इंटेकच्या तोंडावरची वरची पिशवी रबरासकट हातात आली होती. आतली ओली होती, तिथंच चिकटून राहिली. मी काढलेल्या पिशव्या जागांशी जुळवल्या, बांधलेल्या पिशव्यांशी नाही.

दहा वाजून पाच मिनिटांनी आम्ही निघालो. मागे स्ट्रेचरवर सुधाकर, त्याच्याजवळ नर्सिंग असिस्टंट पिल्लई. उकाड्यामुळे मागचा पडदा वर बांधलेला होता. भोक पडलेल्या पिशवीतून इंजिनाला जेमतेम हवा मिळत असणार, कारण सपाट रस्त्यावर गाडी चालली. दहा चाळीसला छोटा घाट लागला. चढावर मी ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीचा दम जायला लागला. आरशात काळा धूर दिसला. मागून पिल्लईचा आवाज आला.

"उस्ताद, ये कुछ दिखा रहा है."

मी वळून पाहिलं. सुधाकरच्या पापण्या खाली ओघळल्या होत्या, जीभ जड झाली होती. पण त्याने हात उचलला होता आणि बोट मागे केलं होतं, उघड्या पडद्यातून दिसणाऱ्या धुराकडे.

"गप पड बे," मी ओरडलो. "हलू नोको."

दहा पंचेचाळीसला गाडी बंद पडली. रेडिओ सेट घेतला.

"अल्फा, गाडी बंद. दुसरी पाठवा. ओव्हर."

"दुसरी नाल्यापलीकडे आहे. तासभर लागेल. तुम्ही प्रयत्न करा. ओव्हर."

डिझेलच्या गाडीने काळा धूर सोडला म्हणजे तिला हवा कमी पडते, हे मी रिक्रूटांना फळ्यावर लिहून द्यायचो. पण त्या वेळी डोक्यात एकच शिरलं होतं, की सकाळी आपणच पाणी मारलं, पाणीच कुठेतरी गेलं. मी फ्यूज काढून पुसले. जोड पुसले. डिझेलची लाइन पाहिली. पुन्हा जोड पुसले. मागून पिल्लई श्वास मोजत होता, आणि ते आकडे मला ऐकू येत होते. सगळं तपासून संपल्यावर इंटेकचा रबरी पाइप काढला. तोंडात पिशवी आत ओढली जाऊन बुचासारखी बसली होती.

मी ती काढली आणि खिशात घातली. अकरा वाजून बारा मिनिटांनी गाडी सुरू झाली. सत्तावीस मिनिटं गेली होती.

अकरा पन्नासला रुग्णालयात पोचलो. बारा दहाला नाईक सुधाकर गेडाम गेला. डॉक्टर आमच्यापेक्षा लहान होता. तो म्हणाला, "थोडं आधी यायला हवं होतं." बिचाऱ्याने सहज म्हटलं, पण मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही.

चौकशी झाली. समोर तीन अधिकारी.

"गाडी कशाने बंद पडली?"

"एअर इंटेक चोक, साहेब."

"कशाने?"

"कचरा, साहेब."

पुराचे दिवस होते, गाड्यांत कचरा असणारच. त्यांनी लिहून घेतलं. मी सॅल्यूट केला आणि बाहेर आलो. या एका शब्दाने माझी नोकरी वाचली, पुढे हवालदारी मिळाली, पेन्शन मिळाली. रात्री झोप मात्र कधीच पुरी लागली नाही, आणि ती लागू नये असंच मलाही वाटत आलं.

सुधाकरच्या बायकोला, वनमाला वहिनींना, हेच सांगितलं गेलं. तेव्हा त्यांची मुलगी आरती दोन वर्षांची होती. दर वर्षी त्या तारखेला मी त्यांच्या गावी जातो. ब्रह्मपुरीहून मूलची बस, पुढे जीप. दारात पोचतो न पोचतो तोच वहिनी चहा टाकतात. आल्यागेल्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "या भाऊजीनं लय धडपड केली. त्या कचऱ्यानं घात केला." मी मान खाली घालून बशीत चहा ओततो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण काही चोर नुसते गप्प बसतात आणि लोक त्यांनाच भला माणूस म्हणतात.

यंदा धानाची कापणी झाल्यावर वहिनींचा फोन आला. आरती आता ब्रह्मपुरीच्या कॉलेजात नोकरी करते. तिने जुनी कार घेतली आहे, सुट्टीत घरी आणते.

"भाऊजी, उंदराईनं गाडीच्या आतमंदी तणस नेऊन घर केलं. आरती म्हणते मोहर्लीले नेऊन मशीननं धुते. तुमी याल का?"

मोहर्लीत जंगल सफारीच्या गाड्या प्रेशर गनने धुतात ते मी पाहिलं आहे. आजकालच्या गाडीच्या वायरींत तसलं पाणी घुसलं तर गाडी ढकलत आणावी लागते. आणि गरम इंजिनावर वाळलं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, राहिलं तर आगच. "मशीन नको, मी येतो," म्हणालो.

सकाळी नऊला पोचलो. आरती मैत्रिणीकडे गेली होती. कार आदल्या संध्याकाळपासून उभी होती, इंजिन गार. बॅटरीची वायर काढली. तणस कोरडंच उपसलं, दोन टोपल्या निघालं. वहिनी ओट्यावर बसून एकेक पिशवी माझ्या हातात देत होत्या. पाच जागा बांधून झाल्या. सहावी एअर इंटेकची. पिशवी चढवली तर तिला भोक.

"राहू द्या, कायले काढता?" वहिनी म्हणाल्या. "हे घ्या दुसरी, वरून घाला."

त्यांनी पिशवी पुढे केली. मी ती घेतली, आतल्या पिशवीवर चढवली, रबर लावलं. मग माझे हात चालेनात.

"वहिनी, तो कचरा नव्हता," मी म्हणालो.

कोणता कचरा, हे त्यांनी विचारलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मुरमुऱ्यांची पिशवी, रबर, मोजलेल्या जागा, खिशात घातलेली पिशवी, चौकशीतला तो शब्द. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. एवढ्याशा गोष्टीसाठी मी इतकी वर्षं घेतली होती.

वहिनींनी एकच विचारलं. "त्याइले समजलं होतं का?"

"हो. माझ्या आधी. त्यानं धुराकडं बोट केलं होतं."

"मंग तुमी काऊन नाई पाह्यलं?"

"मी त्याला गप पड म्हणालो."

त्या उठून आत गेल्या. दार लोटलं. मला निघून जावंसं वाटलं, पण बांधलेली गाडी तशीच टाकून जाता येत नाही. मी मगाने पाणी सोडलं, ब्रश फिरवला, पुन्हा पाणी, मग फडकं. पिशव्या काढून ओट्यावर ठेवल्या, वर दगड ठेवला. बॉनेट उन्हात उघडं ठेवून पायरीवर बसलो. तास गेला, दीड गेला. त्या घरात पहिल्यांदाच मला चहा आला नाही.

मग दार उघडलं. वहिनींचे डोळे सुजले होते. त्यांनी दगड उचलून पिशव्या एकेक करून मोजल्या.

"सात," त्या म्हणाल्या. "आतमंदी काई नाई ना?"

"नाही."

त्यांचा विश्वास बसला नाही, आणि बसायचं कारणही नव्हतं. त्या पुढे आल्या, मी दाखवलेल्या इंटेकच्या तोंडात बोट घालून आतून सगळीकडे फिरवलं. मग म्हणाल्या, "चालू करा."

मी बॅटरी जोडली, आत बसलो, चावी फिरवली. गाडी सुरू झाली. वहिनी मागे जाऊन सायलेन्सरजवळ वाकून उभ्या राहिल्या. आरशात मला त्यांचा पदर दिसत होता.

"रेस करा."

मी पाय दाबला.

"अजून."

अजून दाबला. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या.

"धूर नाई," त्या म्हणाल्या. मग मला ऐकू येईल न येईल अशा आवाजात, "आता बंद करा."

मी उतरलो. फडक्याने हात पुसले. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"मले नोका सांगू. मले सांगून झालं. आतमंदी जा, त्याइले सांगा."

मी बूट काढले. आतल्या खोलीत युनिफॉर्ममधला त्याचा फोटो आहे, टोपी जराशी तिरकी, ओठांवर चिडवायच्या आधीचं हसू. मी त्याच्यासमोर सावधान उभा राहिलो. वहिनी दाराशी होत्या. चौकशीत द्यायला हवा होता तो रिपोर्ट मी तेव्हा दिला.

"नाईक गेडाम, गाडीत कचरा नव्हता. सहा जागा होत्या, सात पिशव्या होत्या. मी सहा काढल्या. तू दाखवलंस, मी पाहिलं नाही."